चुंबक हळू ओढणाऱ्याला धरत नाही

प्रिय आग्नेल,

तुझ्या गळाच्या रिळावरची दोरी रविवारी संपली. सगळी. आत बांधलेली शेवटची गाठसुद्धा राहिली नाही. तू असतास तर आधी माझ्यावर डाफरला असतास, म्हणून म्हटलं आपणच लिहून कळवावं. खरं तर तुला कळलंच असणार. ती दोरी कुठे गेली हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे.

गेल्या वर्षी लाट तुला गोराईच्या खडपावरून घेऊन गेली, तेव्हा तुझा मासे धरायचा रॉड दगडांच्या फटीत अडकून राहिला आणि तू नाही राहिलास. गावच्या सगळ्या होड्या शोधून आल्या. समुद्रानं तुझी चप्पलही परत दिली नाही. फादरनी चर्चमध्ये तुझ्या फोटोसमोर मिसची प्रार्थना केली. पपांच्या कबरीशेजारी तुझ्या नावाचा क्रूस लावू या असं मी म्हटलं, तर आई उठून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "खाली कोन हाय, म्हनून वर क्रूस लावते?"

ती रोज तुझं ताट वाढायची आणि स्वतः अर्ध्या जेवणावरून उठायची. कपडे अंगावर लोंबायला लागले होते तिच्या. तू गेलास हे तिनं मानलं नाही तर तीही तुझ्यामागोमाग जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला दुसरी कसलीच काळजी नव्हती रे.

जाळं हरवलं की पपा काय करायचे, आठवतं? होडीतून दोरीला आकडा सोडायचे आणि जिथे हरवलं तिथला तळ ओढत फिरायचे, जाळं आकड्याला लागेपर्यंत. आईनं जन्मभर तेच पाहिलं. पपांमागे होडी राहिली नाही, राहिला तुझा रॉड. मग दर रविवारी मिस सुटली की ती मला खडपावर पाठवू लागली. शेवटच्या दगडापलीकडे पाणी काळं दिसतं ना, तू तिथेच बुडालास, तिथे दोरी टाक म्हणायची. मी घरी आले की दारातच विचारायची, "पोचली का गो?"

पोचणार कशी? तुझं ते रीळ! ना ब्रेक, ना काही. तुझा अंगठा हाच ब्रेक. दोरीला बांधलेलं शिसं पाण्याकडे उडालं की आतली फिरकी सुटायची, आणि शिसं मंदावलं तरी ही बाई आपली फिरतेच आहे. आतल्या आत दोरी फुगून असा गुंता व्हायचा की मी दगडावर बसून सोडवत राहायचे. अंगठा लावून बघितला तर चटका बसला. किती वेळा म्हटलं होतं शिकव मला. "बाय, तू ट्यूबलाइट बदल," म्हणायचास. काय तो भाव खायचास!

पण विलेपार्ल्याच्या कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये आहे, हे तू सोयीनं विसरायचास. दरवर्षी मुलांना एक प्रयोग दाखवते. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. पण त्याची चकती चुंबकाजवळ गरगर फिरवली की ती मंदावते. मध्ये नुसती हवा असते, कुणी कुणाला शिवत नाही, तरी पकड बसते. तुझी फिरकी ॲल्युमिनियमचीच. बंद पडलेल्या इअरफोनमधून मी बारकी चुंबकं काढली, रिळाचं बाजूचं झाकण उघडलं आणि आतून चिकटवली, फिरकीला घासणार नाहीत एवढी फट ठेवून. गोंद वाळल्यावर टिचकी मारली. नेहमी कितीतरी वेळ घुमणारी फिरकी जरा फिरली आणि गप्प बसली. लॅबमध्ये मी एकटीच हसले. तुझा अंगठा मी घरच्या घरी बनवला होता.

त्या रविवारी दोरी गुंतली नाही. शिसं अलगद काळ्या पाण्यात पडलं. मी अजून हँडलला हात लावला नव्हता आणि फिरकी पुन्हा फिरू लागली. मासा असा ओढत नाही. तो झटका देतो, पळतो, थांबतो. हे एकसारखं चाललं होतं, शिवणाच्या मशिनीवर कुणी सावकाश दोरा भरावा तसं. भरती होती. शेवाळ, थर्माकोल, कुणी वाहिलेली फुलं, सगळं किनाऱ्याकडे येत होतं. फक्त दोरी बाहेर चालली होती. मी दोरी कापली आणि मागे न बघता घरी आले.

आईला "पोचली" म्हणायची भीती वाटत होती आणि तिच्याशी खोटंही बोलायचं नव्हतं, म्हणून पुढच्या वेळी चुंबकं वाढवली. शिसं अर्ध्यावरच पडावं आणि "नाही पोचली" हे खरं ठरावं. पडलंही अर्ध्यावर. मग फिरकी हळूच फिरायला लागली आणि उरलेलं अंतर दोरीनं आपलं आपण कापलं. मी आणखी चुंबकं लावली. पुन्हा तेच.

का, ते मला तिथेच उमगलं. मीच तर मुलांना शिकवते. या पकडीचा सगळा जोर समोरच्याच्या वेगावर असतो. घाईनं फिरणाऱ्याला चुंबक धरतं, हळू ओढणाऱ्याला ते असून नसल्यासारखं. तू कधीपासून इतका सावकाश झालास रे? जेवायचास तेसुद्धा उभ्या उभ्या.

या रविवारी आई स्वतःच माझ्याबरोबर निघाली. दगडावर तिला नीट बसवलं आणि दोरी टाकली. फिरकी आपोआप फिरायला लागली. मला वाटलं ती घाबरेल. तिनं हात पुढे केला. "मना दे."

रॉड मांडीवर घेऊन तिनं अंगठा फिरकीवर ठेवला. दोरी थांबली. अंगठा उचलला, दोरी चालली. पुन्हा ठेवला, थांबली. असं बराच वेळ चाललं होतं. त्या दोरीवर तुम्ही दोघंच होतात, आग्नेल. मला तुझा हेवा वाटला. आणि भीती अशी वाटली की मी मागून तिचा पदर मुठीत धरला.

दोरी सरत सरत फिरकीची चकाकी दिसू लागली. शेवटची गाठ ताणली, रॉडचं टोक वाकलं आणि आईही पुढे झुकली. मी जोरात मागे ओढलं तिला. "सोड गो," ती म्हणाली, "मी नाय जात." तिनं नखानं गाठ उकलली. दोरीचं टोक रॉडच्या कड्यांमधून सावकाश निघून गेलं. पाण्यावर तरंगसुद्धा उमटला नाही.

परतताना चर्चच्या वळणावर ती थांबली. अंगठा दुसऱ्या हातानं चोळत होती.

"थंड हाय त्याचा हात," म्हणाली. "पन येत नाय म्हनतो. लाव तू क्रूस."

त्या दुपारी तिनं आमच्या दोघींपुरतंच वाढलं आणि पोटभर जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझ्यासाठी इतकं मोकळेपणानं मी त्याआधी रडलेच नव्हते.

क्रूस पुढच्या आठवड्यात बसेल. खाली माती कोरीच असेल, पण पपा शेजारी आहेत. त्यावर तुझं नाव मी स्वतः लिहिणार आहे.

फक्त एक गोष्ट बरी नाही. आईचा तो अंगठा अजून गार आहे. गरम पाण्यात ठेवला, तेल चोळलं, ऊब येत नाही. काल बसल्या बसल्या ती म्हणाली, कुणीतरी हळूहळू ओढल्यासारखं वाटतं. घाबरून नाही, हसून म्हणाली. ते हसणंच मला नको आहे.

तेव्हापासून मी तिचा हात माझ्या हातात धरून बसते. तुला वचन देते, त्या काळ्या पाण्यात मी परत कधी दोरी टाकणार नाही, तुला हाक मारणार नाही, झोपू देईन. आणि आईची वेळ आली की मी स्वतः तिचा हात सोडीन आणि तुझ्याकडे पाठवीन. तोवर नाही, आग्नेल. कितीही हळू ओढलंस तरी नाही.

तुझी,
बाय