सांदणांवरची काळी रेघ

सोहार (ओमान), शुक्रवार

आदरणीय बाबामियाँ मामू यांस,

भाचा ओवेसचा सलाम. तुमचा गुडघा आता जिन्याला घाबरत नसेल, अशी उमेद आहे. माझी तब्येत ठीक, झोप तेवढी उडालीय. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण तुमचा फोन आधी मुमानी वाचतात, मग तुम्ही. म्हणून ट्रक घेऊन सलालाहला निघालेल्या हसनच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

मामू, सफूरा मुमानींच्या नावावर मी काट मारलेली नाही हो! तुमच्याकडच्या नारळीच्या बागेतल्या दावतीला कोणी काय आणायचं, त्याचा तक्ता एक्सेलमध्ये करून ग्रुपवर टाकला, एवढाच माझा गुन्हा. मोठ्यांचा मान म्हणून मुमानी पहिल्या ओळीत, आणि नेमकी त्यांच्या नावावरून, त्या आणणार होत्या त्या वाफवलेल्या सांदणांसकट, एक काळी रेघ आरपार गेलेली. मला वाटलं, मोबाइलची काच तडकली. मुमानींना वाटलं, त्यांची सांदणं बाद झाली. (गेल्या दावतीत ती जरा घट्ट झाली होती आणि अमीनचाचांच्या दाढेतलं सिमेंट निघालं होतं, त्यामुळे त्या रेघेला फुकटचा अर्थ आला.) आता त्या माझा फोन उचलत नाहीत. आणि याच दावतीत त्या रुबिनाच्या अम्मीकडे माझ्यासाठी शब्द टाकणार होत्या! आता कसलं लग्न अन् कसलं काय.

मग बसलो रेघ काढायला. बॉर्डर काढली, रेघ तिथेच. अक्षरांवरची काट काढायला गेलो, तर काट नव्हतीच. मुमानींचं नाव पुसून पुन्हा लिहिलं, रेघ हजर. चष्म्याच्या फडक्याने स्क्रीनसुद्धा पुसली. शेवटी डोकं चालवून नावं अकारविल्हे लावली. मुमानी तळाला गेल्या, रेघ मात्र जागची हलली नाही. तिच्याखाली अमीनचाचांचे वडे येऊन बसले, आणि मी शहाणा, नीट न बघताच 'यल्ला, खलास' म्हणत तक्ता पुन्हा ग्रुपवर टाकला. अमीनचाचा ग्रुप सोडून गेले.

अखेर आपल्या अमरीनने माउस थेट रेघेवर टेकवून क्लिक केलं, डिलीट दाबलं. गेली! तक्त्याशी तिचा संबंधच नव्हता; ताटावर काडी पडावी तशी ती नुसती वर पडलेली. मामू, आपल्या घरात आइस्क्रीमचा रिकामा डबा कोणी टाकतं का? तशी मीही नवी फाईल घेत नाही. कंपनीच्या बसमध्ये कोण कुठे बसणार, ती जुनी फाईल पुसून तिच्यातच दावत लिहिली. ड्रायव्हरच्या पाठीमागची दांडी दाखवायला ओढलेली रेघ तेवढी पुसायची राहिली. (अमरीन अजून हसतेय. बहीण आहे की दुश्मन, कळत नाही.)

साफ तक्त्याची प्रिंट सोबत आहे. मुमानींना दाखवा, माझ्या वतीने हात जोडा, आणि चूक कॉम्प्युटरची होती म्हणून सांगा.

तुमचा दुवा मागणारा,
ओवेस

ता. क. प्रिंटवर काळा पट्टा आलाय, तो प्रिंटरचा आहे. आधी मुमानींची ओळ बघून घ्या.

आणखी ता. क. थांबा मामू, मुमानींना काहीच सांगू नका! आत्ता रुबिनाचा मेसेज आला, जन्मात पहिला. म्हणते, त्या सांदणांवर काट मारायची हिंमत एवढ्या वर्षांत कुणी केली नव्हती, अम्मीशी आता मी स्वतःच बोलते. तेव्हा कोणीही विचारलं तरी रेघ ओवेसनेच मारली, जाणूनबुजून मारली. मुमानींचे जोडे मी खाईन, सांदणंही खाईन.