ठमीचं फडकं

कॅरी, अमेरिका, मंगळवार, संध्याकाळ

मुलाने मला न विचारता नवीन फेरेट, ते मुंगसासारखं पाळीव जनावर, घरात आणलं. आधीच्या जोडीतली ठमी जाऊन महिनासुद्धा झाला नाही. म्हातारा बंड्या पिंजऱ्यात एकटा पडला म्हणे. हे गेले तेव्हा मीही एकटीच पडले होते, मला कोणी नवीन नवरा आणला नाही.

मुलगा म्हणाला, "आई, एकदम समोर नाही सोडायचं. आधी वासाची ओळख करायची." म्हणून मी शहाणीने ठमीचं झोपायचं फडकं नव्या फेरेटच्या अंगाखाली घातलं. माझ्याच जुन्या पातळाचं, न धुतलेलं. म्हटलं, ठमीचा वास आला की बंड्या हिला घरातलीच समजेल.

वास आला आणि आठवडाभर न उठलेला बंड्या उड्या मारत धावला. जवळ जाऊन तिचं तोंड हुंगलं. थांबला. मग फडकं तेवढं दातांनी ओढून कोपऱ्यात नेलं. अजून त्यावरच पडलाय, जेवलाही नाही.

नात इंग्रजीत विचारत होती, त्याला ठमी परत आली असं वाटलं का? मी कोथिंबीर निवडत बसले.

फडकं मी घातलं. उद्या नातीने पुन्हा विचारलं तर तिच्या बापाने मध्ये तोंड घालायचं नाही. उत्तर मीच द्यायचं.