वरच्या अंगाचं वीजघर

बाबा, तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की व्हॉट्सॲप म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागेल. समजा, साऱ्या नातेवाइकांची एक बैठक, जी कधी उठतच नाही. नर्मदेवर, आपल्या जबलपूरच्या वरच्या अंगाला, अणुवीजघर व्हायचं घाटतंय, आणि त्यावरून या बैठकीत रोज खडाजंगी. निम्मे म्हणतात प्रलय, निम्मे म्हणतात विकास. दुसऱ्याचं वाचत कुणीच नाही. परवा तुमच्या नातीने मेलेल्या माशांचा व्हिडिओ टाकला. तिला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती माझ्याकडे यायची होती. पण माझ्यातली फिजिक्सची मास्तरीण गप्प बसते थोडीच! लिहिलं, ‘अजून वीट रचली नाही, मासे काय बातमी वाचून मेले?’ हशा पिकला. तिच्या सासरचेही हसले. ती ग्रुपमधून बाहेर पडली, आणि संध्याकाळी फोनवर म्हणाली, “आई, मैं नहीं आ रही. इथेच करते डिलिव्हरी.” मीही फणकाऱ्याने म्हटलं, नको येऊस.

फोन ठेवला आणि तुम्ही आठवलात. आपलं दारूगोळ्याच्या फॅक्टरीचं क्वार्टर. आई पोळ्या करते आहे. रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी होते, फळीवरची भांडी थरथरतात, आणि ती लाटणं टाकून दाराकडे धावते. रोजचाच आवाज, तरी धावते. त्या दिवशी तुम्हाला सुट्टी होती, समोरच बसला होतात, तरीही ती धावली. मी खो खो हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, “काहून हसून राहिली? मी रोज बारूद भरतो. तिनं नाही भ्यायचं तं कोणी भ्यायचं?” तिला तुम्ही काही समजावलं नाहीत. तिच्या शेजारी बसून उरलेल्या पोळ्या लाटल्यात, वेड्यावाकड्या. मला मात्र तुमचा फार राग आला होता.

आज सकाळी लेकीला फोन केला. माशांचा विषय मी काढला नाही. तिनेच विचारलं, “वीजघर झालं तर तू राहशील तिथे? खरं सांग.” उत्तर पाठ होतं, वर्गात कितीदा दिलेलं. तोंडातून निघालं भलतंच. “माहीत नाही गं. तुझं बाळ इथे अंगणात खेळत असेल, तर मलाही भीती वाटेल.” मग म्हणाली, “अच्छा. स्टेशनवर घ्यायला ये.”

मला रडूच आलं, बाबा. पण ग्रुपवर हे लिहायची हिंमत अजून झालेली नाही. तिथे माझं ते माशांचं वाक्य तसंच आहे, आणि लोक अजून हसताहेत.