पिवळी डबी कुणाच्या नाकात जाते?

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

आदरणीय सखाराममामा यांना,
संघपालचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब कसा आहे ते कळवावं. (गुडघा ठीक आहे असं तुम्ही म्हणता आणि मामी मागून "कुठलं ठीक" म्हणतात, तेव्हा दोघांनी वेगवेगळं कळवलं तर बरं.) तुमच्या भाचेसुनेची, करुणाची, शाळा सुरू झाली, माझं ग्रंथालय सुरूच आहे. आईच्या पहाटेच्या मौनाचं मी तुमच्याजवळ नेहमी कौतुक करतो, त्याविषयी खाली सविस्तर येईल. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. फोन आला की तुम्ही स्पीकर लावता, आणि यातला बराच मजकूर स्पीकरवर घेण्यासारखा नाही. पत्र एकट्यानं वाचावं.

तुमच्या हुकमाप्रमाणे चौकशी पूर्ण केली आहे. हुकूम असा होता की, शौकतभाई तुमची गुलाबी तपकीर बंद करणार म्हणतात कारण ती खपत नाही. आणि जिला तुम्ही गोचिडांवर टाकायची पूड म्हणता ती दुर्बीण छाप पिवळी डबी सोयगावपासून इथपर्यंत प्रत्येक टपरीवर हजर असते. यात काहीतरी काळंबेरं आहे, ते शोधून काढ. मामा, तुम्ही हे काम माझ्यावर सोपवलं याचा मला अभिमान वाटला आणि त्याच दिवशी रोजनिशीत मी स्वतःला विचारलंही, की आपण स्वभावानं चिकित्सक आहोत म्हणून हे काम आपल्याला मिळालं की नुसतेच संशयी आहोत म्हणून? (उत्तराची जागा कोरी आहे.)

आधी शौकतभाईंकडे गेलो. औरंगपुऱ्यातल्या त्या बोळात अत्तराचं दुकान तसंच आहे, बाहेर उभं राहिलं तरी शर्टाला वास लागतो. त्यांनी तुमची चौकशी केली, गुलाबीची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "मामूजान जैसे नाक अब रहे किदर, मियाँ? जो थे वो कब्रस्तान में हैं, नै तो पुना चले गए." दोन्ही ठिकाणांबद्दल त्यांचं मत सारखंच दिसलं. पिवळ्या डबीचं नाव काढताच त्यांनी तोंड असं केलं, की कंपनी दुकानदारांना हाताशी धरते हा तुमचा आरोप मला जवळजवळ सिद्ध झाल्यासारखा वाटला. मग लक्षात आलं की हा पुरावा नव्हे, हे नुसतं तोंड आहे. म्हणून प्रत्यक्ष पाहणी करायची ठरवली.

गोकुळचं किराणा दुकान तुम्हाला माहीत आहे, आमचं महिन्याचं सामान तिथूनच येतं. त्याच्या समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी काही ना काही कागद घेऊन रोज संध्याकाळी उभा राहू लागलो. (माझ्या आधार कार्डाच्या एवढ्या प्रती आता घरात आहेत की नातवंडांना पुरतील.) पिवळ्या डब्या भराभर जात होत्या. पण जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली. एकाही माणसानं डबी उघडली नाही. तुमच्यासारखा शौकीन पैसे द्यायच्या आधी झाकण काढतो, चिमूट घेतो, डोळे मिटतो आणि मग दुकानदाराला नावं ठेवतो. ही माणसं मात्र डबी घेऊन गुपचूप खिशात टाकत आणि औषध नेल्यासारखी निघून जात. एक शिंक नाही, एक रुमाल नाही. मी रोजनिशीत लिहिलं, "ही गिऱ्हाइकं खोटी आहेत. खप दाखवण्यासाठी कंपनीनं माणसं नेमली असावीत." खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघेखाली लिहिलं, "की आपण लोकांच्या नाकांकडे जास्तच बघतो आहोत?"

त्यातल्या एका रिक्षावाल्यावर माझा विशेष संशय होता, कारण तो एकदम दोन डब्या नेई. शेवटी धीर करून विचारलं, कुणासाठी? तो म्हणाला, "मेहमान आए हैं." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "गाडी के काम आती." पाहुण्यांच्या आणि रिक्षाच्या दोघांच्याही उपयोगी पडणारी तपकीर मी ऐकलेली नव्हती, म्हणून स्कूटीवरून त्याच्या मागे निघालो. मामा, पाठलाग हे आपल्या घराण्याचं काम नव्हे. तीन वळणांनंतर तोच थांबला, उतरून माझ्याकडे आला आणि अदबीनं म्हणाला, "सर्वेवाले हो ना साब, तंबाखूवाले? चलो, घर में सब हैं, चाय पीके लिखो." त्याचं नाव झीशान. मी सर्वेवाला नाही असं स्पष्ट बोललो नाही. (हो असंही बोललो नाही. यावर रोजनिशीत वेगळी नोंद आहे.)

घरात त्याच्या अम्मी, गौहर आपा, पलंगावर बसल्या होत्या. झीशाननं आत जाता जाता हात पुढे केला, त्यांनी न बघता डबी घेतली, झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि मामा, ते बोट नाकाकडे गेलंच नाही. ते तोंडात गेलं. वरचे दात, खालचे दात, मग हिरड्या, सगळं कसं बैजवार. मधेच मला बघून त्यांनी दुसऱ्या हातानं बसायची खूण केली आणि भरल्या तोंडानं म्हणाल्या, "लिख लो, इस घर में कोई तंबाखू नै खाता." मी डबीकडे बघितलं. त्यांनीही डबीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ये तो मंजन है."

चहा येईपर्यंत सगळा उलगडा झाला. नाकात ओढायची चिमूट हा रिकाम्या पुरुषांचा षोक, ही डबी म्हणजे रोजचं काम, सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर आणि सुनेशी बोलणं झाल्यावर. तुम्ही त्या डबीचे जे जे दोष सांगता तेच त्यांनी गुण म्हणून सांगितले. पूड जाडसर, म्हणून दाताला घासली जाते. कडक, म्हणून हिरडी बधिर होते आणि दाढेचं दुखणं कळत नाही. डबी पत्र्याची, कमरेला खोचून झोपलं तरी फुटत नाही. आणि मुख्य म्हणजे सुगंध नाही. शौकतभाईंच्या गुलाबीचं नाव काढताच त्या हसल्या. गुलाब लावून फिरलं तर गल्लीला कळेल, बहूला कळेल. मी विचारलं, बहूला खरंच माहीत नाही? त्या आत बघून हळूच म्हणाल्या, "वो भी लगाती. उसको लगता मेरेको पता नै." बायका स्वतः दुकानात जात नाहीत, पुरुषांना पाठवतात, आणि पुरुष लाजून पाहुण्यांचं नाव सांगतात. म्हणजे गिऱ्हाइकं खरीच होती मामा. आपण इतके दिवस फक्त नाकं मोजत होतो.

हा शोध घेऊन मी गोकुळकडे गेलो, जरा तोऱ्यातच. म्हटलं, तुला हे सगळं माहीत होतं आणि एवढे दिवस मला समोर उभा राहताना बघत होतास? तो पुडी बांधता बांधता म्हणाला, "मला वाटलं तुमी आईच्या डबीसाठी येता अन् लाजता. ती तर मी सामानातच टाकून देतो, शेंगदाण्याखाली. लई वर्षं झाली की सर." मी म्हटलं, कुणाच्या आईच्या? त्यानं माझ्याकडे ज्या दयेनं बघितलं तशी दया मला विद्यार्थिदशेतही कुणी दाखवली नव्हती.

आता मौनाविषयी. तुम्हाला माहीत आहे की आई पहाटे मागच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बराच वेळ बसते, कुणाशी बोलत नाही, हाक मारली तर फक्त हात वर करते. मी याला साधना समजत होतो. विहारातल्या व्याख्यानात मी तिचं उदाहरण दिलं आहे. दोन शेजारणींनी ते ऐकून तिच्याजवळ बसायला सुरुवात केली, आणि आता तिघी मिळून मौन पाळतात. करुणाला मी कितीदा म्हणालो असेन की आईकडून ही शांतता शिकण्यासारखी आहे. ती दर वेळी "शिकायला हरकत नाही" म्हणायची आणि लगबगीनं स्वयंपाकघरात जायची. ती हसू दाबायला जायची, हे आज कळतं. सोमवारी मी आईसमोर पिवळी डबी ठेवली आणि हाक मारली. तिनं नेहमीप्रमाणे हात वर केला, शांतपणे आपलं काम पुरं केलं, चूळ भरली आणि म्हणाली, "आता बोल." मी म्हटलं, तू तर ध्यान करतेस. ती म्हणाली, "ध्यान बी लागतं की यानं. तूच लोकायला सांगत सुटला. मी कवा म्हणले?"

हे खरं आहे. ती कधीच म्हणाली नव्हती.

मग विचार केला, निदान शौकतभाईंचं भलं व्हावं. बिनवासाची, जाडसर पूड दळा, डबी पत्र्याची करा, घराघरात जाईल, असं त्यांना सुचवलं. त्यांनी गुलाबीच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. म्हणाले, दादा-परदादांनी नाकासाठी दळली, आपण दातासाठी दळणार नाही. पण तुमच्यासाठी त्यांचा जीव तुटतो. दुसरं गिऱ्हाईक नसलं तरी मामूजान नाकाला लावतील तोवर जातं फिरवीन, म्हणाले. अट एकच, तुमच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी हवी, की तुम्हाला हवी आहे. ती आली नाही तर हा महिना संपताच जातं उचलून ठेवतील. सोबत एसटीच्या पार्सलनं एक बाटली पाठवत आहे. काम झालं, असं मी समजतो. मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. १ : बाटली थोडी उणी दिसेल. चौकशी एकांगी होऊ नये म्हणून मी एक चिमूट घेऊन बघितली. ग्रंथालयात शिंकांमुळे वाचनकक्ष रिकामा करावा लागला. तुम्ही यात काय बघता ते मला अजून कळलेलं नाही, पण वास सुंदर आहे.

ता. क. २ : आई म्हणते, तिच्या लग्नानंतर पहिली पिवळी डबी तिला तुम्हीच फर्दापूरच्या बाजारातून आणून दिली होती, दाढ दुखत होती म्हणून, आणि "कुणी विचारलं तर पाहुण्यांची सांग" असंही तुम्हीच शिकवलं. ज्यानं पिवळ्या डबीची चौकशी लावली त्याला आधीपासून किती माहीत होतं, हा प्रश्न मी रोजनिशीत खोडून टाकला होता, तो पुन्हा लिहिला आहे. शिवाय मामी दुपारी जेवल्यावर फोनवर काही वेळ नुसत्या "हं हं" करतात, त्याकडेही लक्ष द्यावं.

ता. क. ३ : शौकतभाईंसाठीची ती चिठ्ठी कृपा करून पाठवू नका. रविवारी लिहिलेलं हे पत्र टाकायचं राहून गेलं, आणि काल, मंगळवारी, आईला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हिरडीवर एक पांढरा डाग आहे. तपासायला दिला आहे, आजच घाबरू नका म्हणाले, पण डबी आजपासून बंद. (व्यसन काही आहे का असं त्यांनी विचारलं तेव्हा आईनं तंबाखू कधी शिवली नाही म्हणून सांगितलं. मी डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली.) घरी आल्यावर आई म्हणाली, "सखारामला सांग, त्यानं नाकातली सोडली की त्याच दिशी मी दातातली सोडते. धाकटा हाय ना, आधी त्यानं." हे म्हणताना ती अगदी निर्धास्त होती आणि लगेच डबी पुन्हा कमरेला खोचली. तुम्ही सोडणार नाही यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. मामा, एवढ्या वेळेस बहिणीचा विश्वासघात करा.