तपासणीआधीची तालीम

कळस, ता. इंदापूर
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. सुप्रियास दादासोचे अ. उ. आ.

फोनवर अर्धं सांगायचं राहतं, म्हणून लिहितो. आपल्या संस्कृतीच्या तपासणीची तारीख लागली! मंगळवार, २९ एप्रिल, सकाळी साडेदहा, बारामती. पाच महिने थांबलो, सतरा फोन केले. सहा वर्षांची भाची हाकेला बघत नाही, हे ऑटिझम आहे का, याचा एकदाचा निकाल लागेल. शाळेच्या बाईंचं म्हणणं लक्षात आहे ना? जूनच्या आत अहवाल आणला तर मदतीची शिक्षिका, नाहीतर पोरगी घरी.

पंधरा दिवस तिला माझ्याकडं पाठव. पंपाच्या जळक्या मोटारींचं रिवाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही, मोटारी उघडून उघडून शिकलो. तसंच मोबाईलवर ऑटिझमचं सगळं वाचून काढलंय. तिथं काय काय बघतात त्याची यादी केली, बावीस गोष्टी. नाव सांगणं, डोळ्यांत बघणं, नमस्कार, बाहुलीला भरवणं. रोज सकाळी सात ते आठ तालीम. पैकीच्या पैकी मार्क पडले पाहिजेत! तुझ्या सासूबाई म्हणतील, मामाला धंदा न्हाय. म्हणू देत.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा दादासो

कऱ्हाटी, ता. बारामती
३० एप्रिल २०२५

ती. दादास सुप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी पैलवान सगळ्या कुस्त्या जिंकली आणि तिथंच घात झाला. तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारायच्या आत नाव, गाव, तालुका सांगून मोकळी. मॅडमना नमस्कार, टेबलाला नमस्कार, बाहुलीलाही नमस्कार! भिंतीकडं बघत म्हणाली, मी भाकरी खाल्ली, तुमी जेवला का. हे कुणी शिकवलं, असं मॅडमनी हळूच विचारलं. मी म्हटलं, मामानं. त्या हसल्या, पण अहवाल काही लिहिला नाही. ही परीक्षा नव्हती, मला पोरगी बघायची होती आणि दिसलं पाठांतर, असं म्हणाल्या.

आता ८ मेला पुन्हा बोलावलंय. त्यानंतर त्या महिनाभर नाहीत, म्हणजे तेव्हा हुकलं तर शाळाही हुकली. जवळच्या माणसानं जे बघितलं ते जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलंय. तुझ्याइतकं बारीक कोण बघतं रे? रागानं लिहीत नाही. पण लगेच लिही, आणि अजिबात सजवू नकोस.

राग न धरता लोभ धर.
तुझी सुप्रिया

कळस
३ मे २०२५

चि. सौ. सुप्रियास अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकांवर मीच ओरडतो, की जळकी मोटार धुऊन पुसून आणू नका. काजळी, वास असू द्या, बिघाड त्यातच सापडतो. आणि भाची मात्र पुसून पाठवली!

आता जसं बघितलं तसं लिहितो. पंधरा दिवसांत हाकेला दोनदा वळली. पाणी हवं तर बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून माठाकडं नेते. ग्राइंडर लागला की कान दाबून बाकाखाली जाते. तो बंद केल्यावर अकरा मिनिटांनी बाहेर आली, घड्याळ लावून बघितलं. तारेचे तुकडे लांबीनं मांडते, एक हलला तरी रडते. आणि तालमीच्या वेळी तिची मान घामानं भिजायची. मी समजलो, उन्हाळा आहे. पण आठ वाजले, तालीम संपली, की घाम जायचा. ऊन तर तेव्हा वाढत असायचं. हेही मॅडमना दे. माझी लाज राखू नकोस.

चुकलेल्या भावावरही जीव असू दे.
दादासो

कऱ्हाटी
१० मे २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अहवाल मिळाला, दादा! ऑटिझम आहे, असं स्पष्ट लिहिलंय, आणि शाळेत काय मदत लागेल तेही. यावेळी तिला काहीच शिकवून नेलं नव्हतं. ती सरळ टेबलाखाली गेली, तर मॅडमही खाली जाऊन बसल्या. दीड तास! तू तिच्या घामाचं लिहिलंस त्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. आज अहवाल घेतला तशीच शाळेत गेले. पहिलीत नाव लागलं, शिक्षिकाही मिळणार.

परत येताना स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला आणि संस्कृती खाली बसून किंचाळायला लागली. माणसं गोळा झाली. एरवी मी माफी मागत सुटते. पण पाच महिने पोरीला नजर लागलीय म्हणणाऱ्या, आज बरोबर आलेल्या आमच्या सासूबाई, कुशाबाई, पदर खोचून पुढं झाल्या. सगळ्यांना म्हणाल्या, आमच्या पोरीला ऑटिझम हाय, डॉक्टरचा कागुद हाय, बगता काय, मागं सरका, वारं येऊ द्या.

माणसं सरकली, दादा. आम्ही तिघी तिथंच खाली बसून राहिलो, ती गप्प होईपर्यंत. दोन एसट्या गेल्या, जाऊ दिल्या.

ये लवकर, लोभ समक्षच घेऊन ये.
तुझी सुप्रिया