मुशीच्या रक्ताचे खडे

३ नोव्हेंबर १९६१, रेवदंडा
रेवसपर्यंत लाँच, पुढे एस.टी. उन्हं उतरायच्या आत पोचले. प्रयोगशाळा म्हणजे खाडीकाठचं कौलारू घर, दारात दोन माड. हरेश्वरसर स्वतः माझी बॅग घ्यायला पुढे आले. मुशी, म्हणजे लहान शार्क. तिच्या रक्तातल्या प्रथिनाचे स्फटिक आवाजाने कसे वाढतात ते पाहायचं, हे आमचं काम. ताजं रक्त कोळीवाड्यातली सखुबाई आणून देते, स्वयंपाकही तीच करते. खोली छान आहे. खिडकीतून होड्या दिसतात.

७ नोव्हेंबर
रक्ताच्या बशीखाली स्पीकर ठेवून एकच सूर लावला की स्फटिक दुप्पट होतात. तांबडे, तांदळाच्या कणीएवढे, देखणे. फक्त सुई लावली की मऊ लागतात, हिरडीसारखे. रक्ताचा वास केसांतून जात नाही. सखुबाईला सांगितलं, जेवणात मासा नको.

१० नोव्हेंबर
सरांनी स्पीकर काढून टाकला. माणसाच्या आवाजाने जास्त वाढतात म्हणे. दिवसभर बशांवर वाकून पाढे म्हणतात. वाढतात खरे, पण बुळबुळीत, शेंबडासारख्या तारेने एकमेकांना चिकटलेले. आज बोलता बोलता सरांच्या तोंडातून काहीतरी तांबडं वहीवर पडलं. सर पान खात नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तोच आकार.

१२ नोव्हेंबर
सखुबाई हळूच म्हणाली, "बाय, त्यांचे तोंडात बघ."
पाहिलं. दातांमागे, जिभेखाली, दाटीवाटीने. सर नखाने एक खरवडतात, उजेडात धरतात, परत गिळतात. काचनळीतून रक्त तोंडाने ओढताना आत गेलं असणार. मीही तसंच ओढते. परवा घोटभर तोंडात आलं होतं.

१३ नोव्हेंबर
हिरडी खरखरते. आवाजाने वाढतील, म्हणून मी बोलणं बंद केलंय. सरांना खुणेने विनवलं, गप्प राहा. ते हसले — तोंड भरून — आणि पाढे चालूच.

१४ नोव्हेंबर, दुपार
सर कोसळले. श्वास नाही. आत मात्र अजून वाढतंय — ओठ फाकलेत. खाडीचा आवाजही पुरतो वाटतं.

सखुबाई फाटकाशी आलीय. सरांना पाहिलं तर धावत येईल, पदराने त्यांचं तोंड पुसेल, तिलाही लागण होईल. चिठ्ठी टाकून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही. ओरडावंच लागेल —

ओरडले. आत येऊ नकोस. चारदा. ती पळाली. बरं झालं.

तोंड मिटत नाही. बोटं घालून काढतेय — लाळेसकट लोंबत येतात — संपत नाहीत — आता घशा