दोघांनी एकदम उतरवायची गोणी

गोरेगाव, ४ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप बाबांस काशीरामचा नमस्कार.

मी बरा आहे. हात जरा बांधलाय, म्हणून शेजारच्या नलिनीताई लिहून देतायत. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या स्टुडिओत जुन्या काळच्या सिनेमाचं काम मिळालं होतं. बंदरावरचं मीठ घेऊन बैलांचा तांडा घाट चढतो, असा सीन. गोण्या लादायला-उतरवायला मी आणि आपला सहदेव, तुमच्यासारखेच दोन बाजूंना दोघं.

सोमवारी उतरवताना त्याला फोटोसाठी हाक आली. माझी गोणी बैलावरच असताना त्याने आपली काढली आणि पळाला. तोल जाऊन बैल माझ्या अंगावर कोसळला.

साहेबांना म्हणतो कसा, ‘काशानेच आधी काढली!’ अरे, मी आधी काढली असती तर बैल तुझ्या बाजूला पडला असता ना! गावात शेंबड्या पोरालाही हे कळतं. इथे कोणाला कळणार? मला काढलं, त्याला ठेवलं.

त्याच्या वडिलांना, धर्माकाकांना, सांगू नका. बावीस वर्षं घाटात गोण्या उतरवताना ते तुमच्या समोर होते. बैलाआड त्यांचे हात तुम्हाला दिसत नव्हते, आणि कधी वाकून बघावंसंही वाटलं नाही.

मीही वाकून बघितलं नाही, बाबा.

तुमचा,
काशीराम